दकार्गल व पाणाडे : एका जुन्या प्रकरणाचा अर्थनिर्णय

भूमिगत जलाचा ठाव लावण्याची विद्या आपल्या देशांत फार जुनी आहे, हें विधान अलीकडे व्याख्यानांतून, पंचांगांतून व लहानसहान पुस्तिकांतून वारंवार आढळतें. आणि त्याच्या पुष्टीसाठीं वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील दकार्गल नांवाच्या प्रकरणाकडे बोट दाखविण्यांत येतें. विधान खोटें नाहीं. परंतु त्या प्रकरणांत जें सांगितलें आहे तें, आणि आज गांवोगांवचे पाणाडे तळहातावर नारळ किंवा हातांत बेचक्याची काडी घेऊन जें करितात तें, या दोहोंचा परस्परसंबंध कितपत आहे, याचा विचार मूळ ग्रंथ पुढें ठेवून केलेला आमच्या पाहण्यांत फारसा आला नाहीं. तो येथें करण्याचें योजिलें आहे.

हा लेख लिहिण्यास एक कारण घडलें. तें आधींच सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों, कारण त्यांत दोष आमचा आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांत आमच्या परिचयाचे एक शेतकरी आहेत. कांहीं उन्हाळ्यांपूर्वीं त्यांनीं आपल्या शेतांत बोअर घेण्याचें ठरविलें व बाहेरगांवचा एक पाणाड्या आणिला. त्यानें बांधावरील मोहाच्या झाडाजवळ नारळ उभा राहिलेला दाखविला, आणि वर एक अशुद्ध संस्कृत श्लोक म्हणून हें वराहमिहिराचें वचन आहे असें सांगितलें. शेतकरी सायंकाळीं आमच्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, मोहाच्या झाडापाशीं पाणी असतें, हें खरेंच पोथींत आहे का?" आम्ही उत्तर दिलें, "आहे. बृहत्संहितेंत आहे." एवढेंच बोललों, पोथी काढून दाखविली नाहीं, स्वतःहि पुन्हां पाहिली नाहीं. त्यांनीं तें उत्तर हमी म्हणून घेतलें, बैलजोडी विकली व बोअरची गाडी बोलाविली. अडीचशें फूट खोल जाऊनहि भोंकांतून कोरडी भुकटीच उडत राहिली. त्यानंतर ते आम्हांस अनेकदां भेटले, पण त्यांनीं आम्हांस एका शब्दानेंहि बोल लाविला नाहीं. म्हणूनच पोथी उघडून नीट वाचणें आम्हांस भाग पडलें.

प्रथम ग्रंथाविषयीं. वराहमिहिर अवंतीचा. त्याच्या पंचसिद्धांतिकेंतील करणारंभ शके ४२७, म्हणजे इ. स. ५०५, हा असल्यामुळें त्याचा काल सहाव्या शतकाचा पूर्वार्ध धरितात. बृहत्संहितेवर भटोत्पलाची विस्तृत टीका शके ८८८, इ. स. ९६६, या वर्षाची आहे. मूळ संहिता डॉ. कर्न यांनीं कलकत्त्यास १८६५ सालीं छापिली, व उत्पलटीकेसह ग्रंथ महामहोपाध्याय सुधाकर द्विवेदी यांनीं काशीस १८९५ ते १८९७ या वर्षांत प्रसिद्ध केला. आमचें प्रकरण कांहीं आवृत्त्यांत चोपन्नावें, कांहींत त्रेपन्नावें आहे. त्यांत सुमारें सव्वाशें श्लोक आहेत. नांवाचीं दकार्गल, दगार्गल व उदकार्गल अशीं तीन रूपें आढळतात. दक म्हणजे उदक आणि अर्गला म्हणजे अडसर, असा विग्रह उघड दिसतो. ज्यांच्या संग्रहीं हस्तलिखितें आहेत त्यांस या नामभेदामुळें सूचींत हें प्रकरण शोधतांना अडचण पडते, म्हणून येथें नोंद केली.

ग्रंथकर्ता आपलें ऋण प्रामाणिकपणें सांगतो. सारस्वत मुनीनें केलेलें दकार्गल पाहून पूर्वभाग आर्या वृत्तांत रचिला, आणि मनूच्या नांवानें चाललेलें दकार्गल पुढें निराळ्या वृत्तांत सांगतों, असें तो म्हणतो. म्हणजे वराहमिहिर हा या विद्येचा जनक नसून संग्राहक आहे, व त्याच्यापूर्वीं निदान दोन परंपरा लेखनिविष्ट झालेल्या होत्या. या दोन परंपरा एकाच प्रदेशाच्या होत्या असें मानण्यास आधार नाहीं; आणि हें पुढें महत्त्वाचें ठरेल.

प्रकरणाच्या आरंभीं एक कल्पना आहे. मनुष्याच्या देहांत जशा शिरा तशा पृथ्वीच्या पोटांतहि कांहीं वर, कांहीं खालीं अशा जलशिरा असतात. आठ दिशांच्या आठ देवतांवरून आठ शिरा, मध्यें नववी महाशिरा, शिवाय शेंकडों लहान. आकाशांतून पडणारें पाणी एकाच वर्णाचें व एकाच चवीचें असतें, परंतु भूमीच्या भेदानें त्यास निरनिराळे रंग व रस येतात, असेंहि तेथें म्हटलें आहे. शिरांची ही कल्पना आजचा भूशास्त्रज्ञ जशीच्या तशी मान्य करणार नाहीं. पाणी बहुधा खडकाच्या झिजलेल्या थरांत व भेगांत सांठतें, नळींतून वाहावें तसें वाहत नाहीं. पण पाण्याची चव भूमीवर अवलंबून असते, हें निरीक्षण आजहि खरेंच आहे.

त्यानंतर लक्षणें येतात, आणि प्रकरणाचा गाभा तोच आहे. नमुन्यादाखल कांहींचा आशय देतों. निर्जल प्रदेशांत वेतस उगवला असेल तर त्याच्या पश्चिमेस तीन हात अंतरावर दीड पुरुष खोल पाणी. खणतांना अर्ध्या पुरुषावर पांढुरका बेडूक, मग पिवळी माती, मग एका विशिष्ट जातीचा दगड, आणि त्याखालीं पाणी. जांभळीच्या उत्तरेस तीन हातांवर दोन पुरुष. उंबराच्या पश्चिमेस तीन हातांवर अडीच पुरुष. अर्जुनवृक्षाच्या उत्तरेस वारूळ असल्यास पश्चिमेस तीन हातांवर साडेतीन पुरुष. पुरुष हें माप उत्पलानें स्पष्ट केलें आहे: हात वर करून उभा राहिलेला मनुष्य, म्हणजे १२० अंगुलें, अर्थात् पांच हात. हात दीड फुटाचा धरिला तर एक पुरुष साडेसात फुटांचा होतो.

या नियमांची ठेवण लक्षांत घेण्याजोगी आहे. प्रत्येक नियमांत भूपृष्ठावरील लक्षण, त्यापासून दिशा व अंतर, खोली, आणि खणतांना वाटेंत भेटावयाच्या खुणा, असे चार भाग बहुधा असतात. यांतील चौथा भाग फार मोलाचा. विहीर खणणारा मनुष्य स्वतः खड्ड्यांत उतरलेला असतो. सांगितलेली पांढुरकी माती सांगितलेल्या खोलीवर भेटली नाहीं तर त्यास थांबतां येतें, खर्च वांचवितां येतो. म्हणजे नियम चुकला कीं तें लगेच कळावें अशी सोय नियमांतच केलेली आहे. बेडकाचा रंग किंवा सर्पाची जात यांवर आमचा विश्वास नाहीं, व तो कोणीं ठेवावा असेंहि आम्ही म्हणत नाहीं. परंतु आपलें म्हणणें खोटें कशानें ठरेल हें आधींच सांगून ठेवणारा ग्रंथकार आणि कधींच खोटा न ठरणारा पाणाड्या हे एका पंक्तीस बसणारे नव्हेत.

आतां आमच्या मोहाकडे वळूं. मधूकाचा नियम ग्रंथांत आहे, यांत शंका नाहीं. मधूकाच्या उत्तरेस सापाचें वारूळ असेल तर झाडाच्या पश्चिमेस पांच हात सोडून साडेसात पुरुष खोलीवर पाणी, असा तो आहे. पुढें धुरकट माती, कुळथाच्या रंगाचा दगड व फेसाळ वाहणारी शीर हीं चिन्हें सांगितलीं आहेत. आम्ही त्या शेतांत जाऊन पाहिलें. वारूळ होतें, पण झाडाच्या आग्नेयेस. पाणाड्यानें पांच हातांऐवजीं पांच पावलें मोजिलीं होतीं. आणि खोली! साडेसात पुरुष म्हणजे सुमारें ५६ फूट. ग्रंथाचा शब्द तेथेंच संपला होता. उरलेले दोनशें फूट कोणत्याहि मुनीच्या आधारावांचून, दर फुटाला पैसे मोजून, खोदले गेले. आम्ही त्या दिवशीं पोथी काढून एवढे तीन शब्द वाचले असते तरी त्या गृहस्थांस निदान साठ फुटांवर थांबण्याचा सल्ला देतां आला असता.

परंतु नियम तंतोतंत पाळला असता तर पाणी लागलेंच असतें काय? आमचें उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचें कारण ग्रंथांतच सांपडतें.

प्रकरणांत एके ठिकाणीं वारुळावर उगवणाऱ्या कांहीं वेलींची व वनस्पतींची गणना करून ग्रंथकार म्हणतो कीं त्या वारुळाच्या उत्तरेस तीन हातांवर तीन पुरुष पाणी, पण हें अनूप देशांत सांगावें, जांगल भूमींत याच चिन्हांवरून पांच पुरुष सांगावें, मरुदेशांत सात. चिन्ह एकच, खोली मात्र देशपरत्वें २२, ३७ आणि ५२ फूट. मरुदेशापुरतें तर त्यानें वेगळें विवेचन केलें आहे व तेथील शिरा उंटाच्या मानेसारखी वांकडी जाते असें म्हटलें आहे. याचा अर्थ असा कीं लक्षण स्वतः कांहीं सांगत नाहीं. कोणत्या भूमीवरील लक्षण, हें आधीं ठरवावें लागतें.

येथें एका शब्दानें मोठा घोटाळा केला आहे. पाणाड्याजवळ जी पुस्तिका होती ती आम्ही मागाहून मागून घेतली. तिच्यांत जांगल भूमि याचा अर्थ जंगलाची जमीन असा दिला होता, आणि आमचा तालुका जंगलाचा म्हणून जांगलाचे नियम येथें लागू, असें त्यानें ठरविलें होतें. संस्कृत वैद्यकाचा ज्यांस थोडाहि परिचय आहे त्यांस यांतील विपर्यास तत्काळ कळेल. चरक-सुश्रुतांच्या परिभाषेंत जांगल म्हणजे थोडें पाणी, विरळ व खुरटीं झाडें, मोकळें आकाश, कोरडा वारा असा प्रदेश. आणि अनूप म्हणजे बहुजल, बहुवृक्ष, दाट व दमट. अमरकोशहि अनूपाचा अर्थ जलप्राय असाच देतो. मराठी जंगल हा शब्द त्याच कुळांतील खरा, पण त्याचा अर्थ फिरत फिरत नेमका उलटा झाला आहे. इंग्रजींत गेलेल्या जंगल शब्दाची कथा तीच. झिमरमन या फ्रेंच पंडितानें १९८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या अर्थांतराची विस्तृत चर्चा केली आहे. एटापल्ली हा प्रदेश साग, ऐन, बांबू, मोह यांनीं भरलेला, चांगल्या पावसाचा. बांदिया नदी जवळून वाहते. वराहमिहिराच्या मोजणींत हा बसलाच तर अनूपांत बसेल, जांगलांत कदापि नाहीं.

आणि यापुढें आणखी एक वचन आहे, तें आम्हांस साऱ्या प्रकरणाची किल्ली वाटतें. जेथें सर्व भूमि एकसारखी, गवत, झाड, वारूळ, झुडूप यांवांचून असेल, तेथें ज्या जागीं कांहीं विकार दिसेल त्या जागीं पाणी समजावें, असा त्याचा आशय आहे. पांढऱ्या फुलांचा पळस, कांटे नसलेली रिंगणी, दोन शेंड्यांची खजुरी, ज्या शेताच्या एकाच तुकड्यांत पीक निराळें दिसतें तो तुकडा, ही सारी लक्षणें त्याच जातीचीं. ग्रंथकार झाडाकडे पाहत नसून झाडाच्या वेगळेपणाकडे पाहत आहे. उजाड माळावर एकच हिरवी जांभूळ उभी असेल तर ती कांहीं सांगते. जांभळींच्या राईंतील एक जांभूळ कांहीं सांगत नाहीं. वेतसाच्या नियमांत निर्जल देशांत हें विशेषण याचसाठीं आहे. आतां एटापल्लीस मोह कोठें नाहीं? वारूळ कोणत्या मोहापाशीं नाहीं? जें लक्षण सर्वत्र आहे तें लक्षणच नव्हे, हें न्यायशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षीं शिकतो. अवंतीच्या माळव्यांत किंवा त्याहून कोरड्या प्रदेशांत बांधलेला नियम येथें आणिला कीं तो निरर्थक होतो, आणि त्याचा दोष वराहमिहिराकडे जात नाहीं.

आतां काडीविषयीं. या सव्वाशें श्लोकांत बेचकें नाहीं, नारळ नाहीं, लोलक नाहीं. पाणी शोधणाऱ्या मनुष्याच्या अंगीं कांहीं विशेष शक्ति असावी असेंहि कोठें म्हटलेलें नाहीं. आपल्याकडे पायाळू मनुष्यास भूमींतील धन व पाणी दिसतें अशी समजूत आहे. तिचाहि येथें गंध नाहीं. एका अभ्यासू गृहस्थानें आम्हांस सुचविलें कीं प्रकरणाच्या शेवटीं वड व वेतस यांच्या खुंटीचा उल्लेख आहे, तीच जुनी काडी असावी. तो श्लोक आम्ही टीकेसह पाहिला. वरुणास बलि देऊन, गंधपुष्पधूपांनीं पूजा करून, शिरेच्या जागीं प्रथम ती खुंटी रोवावी, असें तेथें आहे. म्हणजे जागा ठरल्यानंतर खणण्याच्या आरंभींचा हा विधि होय. शोधाचें साधन नव्हे. त्याच भागांत विहिरीच्या आरंभास योग्य नक्षत्रें दिलीं आहेत, तीं जितकीं पाणी शोधतात तितकीच ही खुंटी.

काडीचें मूळ शोधावयाचें तर युरोपांतील खाणींकडे पाहावें लागतें. जर्मनींतील आग्रिकोला या पंडिताचा खनिजविद्येवरील लॅटिन ग्रंथ १५५६ सालीं निघाला. त्यांत बेचक्याची काडी घेऊन धातूच्या शिरा शोधणाऱ्यांचें वर्णन व चित्र आहे. त्याचा अभिप्राय असा कीं शहाण्या खाणकऱ्यास काडीची गरज नाहीं, त्यानें भूमीवरील नैसर्गिक चिन्हें ओळखावीं. हजार वर्षांच्या व हजारों कोसांच्या अंतरानें दोन ग्रंथकार शिरा हाच शब्द वापरतात व चिन्हांवरच भर देतात, हा योगायोग आम्हांस आनंददायक वाटला. यापलीकडे त्यावरून कांहीं सिद्ध करण्याची आमची इच्छा नाहीं.

काडी हालते हें मात्र खोटें नाहीं. धरणारा लबाडी करितो असेंहि नेहमीं नसतें. फ्रान्सांतील शेव्र्यल या रसायनशास्त्रज्ञानें १८३३ सालीं लोलकाविषयीं, आणि इंग्लंडांत कार्पेंटर यानें १८५२ सालीं अशाच चमत्कारांविषयीं दाखवून दिलें कीं मनांत अपेक्षा असली म्हणजे हाताचे स्नायु धरणाऱ्याच्या नकळत हालतात. नारळ उभा राहतो तो याच न्यायानें. पण हालण्याचें कारण कळलें म्हणून वाद मिटत नाहीं. कारण काडीचे कैवारी म्हणतात कीं हात हालवितो तें मन कदाचित् भूमीची कांहीं सूक्ष्म जाणीव घेत असेल. मग प्रश्न उरतो तो एकच: त्यानें दाखविलेल्या जागीं इतर जागांपेक्षां अधिक वेळां पाणी लागतें काय?

हा प्रश्न आमच्या प्रांतांतहि एकदां सरकारी दप्तरांत शिरला होता. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनीं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मॅन्सफील्डचें पाणी दाखविणारें स्वयंचलित यंत्र दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशांत वापरून पाहिलें व तो वृत्तान्त शेतकी खात्याच्या पत्रिकेंत छापविला. पेटींतील चुंबकसूची हालली कीं खालीं पाणी, असा त्या यंत्राचा दावा होता. पुढें १९२५ च्या सुमारास मुंबई सरकारनें मेजर पॉगसन या लष्करी गृहस्थास पाणी शोधण्याच्या कामावर नेमिलें, व ते कांहीं वर्षें काडी घेऊन प्रांतांत हिंडले. त्यांची कीर्ति युरोपांतील काडीवाद्यांच्या पुस्तकांतून अद्यापि गायिली जाते. अमेरिकेच्या भूगर्भखात्यानें मात्र १९१७ सालींच एलिस याचा काडीच्या इतिहासावरील निबंध प्रसिद्ध करून, या विषयावर आणखी सरकारी पैसा खर्चणें योग्य नाहीं असा निर्वाळा दिला होता. एकाच दशकांत एक सरकार निबंध लिहून दार लावितें व दुसरें पगार देऊन दार उघडितें, ही गंमत खरी. पण दुष्काळी तालुक्यांच्या मामलेदारास एलिसचा निबंध वाचून पाणी मिळणार नव्हतें, हेंहि विसरूं नये.

अलीकडच्या काळांत दोन मोठ्या परीक्षा जर्मनींत झाल्या. म्यूनिक येथें १९८७-८८ सालीं सुमारें पांचशें काडीवाल्यांतून ४३ निवडून, दुमजली कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा नळ हवा तेथें सरकवून, वरच्या मजल्यावरून तो ओळखण्याचे ८४३ प्रयोग करण्यांत आले. बेट्झ प्रभृति प्रयोगकर्त्यांनीं म्हटलें कीं बहुतेकांस कांहीं येत नाहीं, तथापि मोजक्या कांहींचें यश केवळ योगायोगाचें नव्हे. एन्राइट या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९९५ सालीं तेच आंकडे पुन्हां तपासून दाखविलें कीं जो एका फेरींत उत्तम ठरला तोच दुसऱ्या फेरींत सामान्य ठरतो. म्हणून हें यश यदृच्छेचेंच. कासल येथें १९९० सालीं तीस काडीवाल्यांनीं अटी आधीं मान्य करून पुरलेल्या नळांतून पाणी वाहतें कीं नाहीं हें सांगण्याचा प्रयत्न केला. निकाल नाणें उडविल्यासारखा लागला.

काडीच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा याच बेट्झनें १९९५ सालीं पुढें मांडिला, व तो आमच्या प्रदेशास जवळचा आहे. श्रीलंकेंत श्र्योटर नांवाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या काडीच्या आधारें ६९१ बोअर घेण्यांत आले व त्यांत ९६ टक्के यशस्वी झाले, असें तो सांगतो. श्रीलंकेचा बहुतेक भाग जुन्या स्फटिकमय कठीण खडकाचा; एटापल्लीचाहि तसाच. महाराष्ट्राचा सुमारें चार-पंचमांश भाग काळ्या बसाल्टाचा असला तरी गडचिरोलीकडे अतिप्राचीन नीस व ग्रॅनाइट उघडे पडले आहेत. तेव्हां ९६ हा आंकडा ऐकून आम्हीहि प्रथम चकित झालों. पण त्याच गांवांत, त्याच पैशांत, काडीवांचून केवळ भूमि ओळखणाऱ्या दुसऱ्या जाणत्यानें दाखविलेल्या जागा खोदून तुलना केलेली नाहीं. आणि श्र्योटर डोळे बांधून हिंडत नव्हता. उतार, नाला, झाडी, जुन्या विहिरी हें सर्व त्यास दिसत होतें. यश काडीचें कीं डोळ्यांचें, हें त्या ६९१ बोअरांवरून ठरवितां येत नाहीं.

एटापल्लीकडे हीच अडचण आणखी वाढते. नीस खडकाचा वरचा भाग झिजून जो भुसभुशीत थर होतो त्यांत पावसाचें पाणी मुरून राहतें. सखल भागांत, नाल्याच्या कडेस, उथळ विहिरीस पुष्कळ ठिकाणीं थोडेंबहुत पाणी लागतें. त्याखालीं अखंड खडक, त्यांत पाणी फक्त भेगांत. भेग सांपडली तर भरपूर, न सांपडली तर तीन हात बाजूस कोरडें. त्यामुळें पहिल्या पन्नास-साठ फुटांत कोणताहि पाणाड्या बरेच वेळां खरा ठरतो, आणि त्याच कीर्तीवर पुढें अडीचशें फुटांचे बोअर घेतले जातात, जेथें त्याची कीर्ति निरुपयोगी असते. त्याच शेतकऱ्यांच्या गांवांत त्याच पाणाड्यानें दाखविलेला एक बोअर पाण्यानें भरलेला आहे, हें आम्ही लपवूं इच्छित नाहीं. लोक त्याचीच साक्ष काढतात. कोरड्या भोंकावर दगड ठेवलेला असतो, त्याची साक्ष कोणी काढीत नाहीं.

या प्रदेशाच्या जुन्या रीतींत मात्र खोल खणण्याचा हव्यास नव्हता. माडिया लोक उन्हाळ्यांत नाल्याच्या वाळूंत झिरा काढून पाणी पितात. ही दकार्गलाहूनहि जुनी विद्या असावी. चांद्याच्या गोंड राजवंशाची कथाहि झिऱ्याचीच आहे. खांडक्या बल्लाळशाह शिकारीस निघाला असतां तृषित होऊन झरपट नदीच्या कोरड्या पात्रांत आला, तेथें एका लहानशा खळग्यांत त्यास पाणी मिळालें, त्यानें तोंड धुतलें व त्याच्या अंगावरील गांठी बऱ्या झाल्या. पुढें तेथेंच अचलेश्वराचें मंदिर व चंद्रपूर नगर झालें. मेजर ल्युसी स्मिथ याच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालापासून ही कथा ग्रंथांतरीं येत आहे. कथेंतील चमत्कार सोडून दिला तरी कोरड्या नदीच्या पात्रांत वाळूखालीं पाणी असतें, एवढा तिचा अर्थ कोणासहि पटेल. तळ्याची जागा हेरण्यांत निष्णात असलेले पूर्व विदर्भांतील कोहळी लोकहि काडी घेऊन हिंडत नसत, उतार पाहत.

वनस्पतींवरून पाणी ओळखणें हें शास्त्रास अमान्य आहे असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. अमेरिकन जलशास्त्रज्ञ माइन्झर यानें भूमिजलाच्या वनस्पतिरूप चिन्हांवर १९२७ सालीं स्वतंत्र निबंधच लिहिला. ज्या झाडांचीं मुळें थेट पाणथरापर्यंत जातात तीं रखरखीत प्रदेशांत विश्वसनीय साक्षीदार असतात, असें त्याचें प्रतिपादन आहे. रखरखीत प्रदेशांत, ही अट त्याचीहि आहेच. तिरुपतीच्या विद्यापीठांतील भूशास्त्रज्ञ प्रसाद यांनीं १९८० सालीं बृहत्संहितेंतील जलप्रकरणावर पुस्तक लिहून, विशेषतः वारुळांच्या लक्षणांचा, सहानुभूतीनें विचार केला. वाळवीस ओलावा लागतो व ती तो खोलवरून आणिते, हें खरें. आम्ही प्रसादांशीं येथवर सहमत आहों. मात्र प्रत्येक नियमांतील दिशा व अंतर यांस शास्त्रीय आधार असलाच पाहिजे, असा आग्रह आम्हांस धरवत नाहीं. मोहाच्या पश्चिमेसच पाणी कां, व पूर्वेस कां नाहीं, याचें उत्तर आठ दिशांच्या आठ देवतांत आहे, भूमींत नाहीं.

१९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्र सरकारनें भूजल सर्वेक्षणासाठीं स्वतंत्र यंत्रणा स्थापिली. तिचे भूवैज्ञानिक भूमीचा विद्युत्-रोध मोजून, खडकाच्या भेगांचे नकाशे पाहून जागा सुचवितात. त्यांचेहि बोअर कधीं कधीं कोरडे जातात; पण किती गेले तें कागदावर राहतें. आमच्या शेतकऱ्यांस आम्ही आतां त्यांच्याकडेच अर्ज करण्यास सांगितलें आहे, व अर्ज आम्हीच लिहून दिला.

एक विनंति करून लेख पुरा करितों. बृहत्संहितेच्या, विशेषतः उत्पलटीकेच्या, हस्तलिखित प्रती अनेक वाचकांच्या संग्रहीं असतील. कांहींवर मराठींत टिपणें वा अर्थहि असतील. त्यांनीं दकार्गल प्रकरणांतील अनूप, जांगल व मरु यांचा एकत्र उल्लेख ज्या श्लोकांत आहे तेथील पाठ, पुरुषसंख्या आणि समासांत कोणी जांगल शब्दाचा मराठी अर्थ लिहिला असल्यास तो, प्रतीच्या लेखनशकासह आम्हांस कळवावा. जंगल हा अर्थ प्रथम कोणत्या लेखकाच्या हातून पोथींत शिरला, तें त्यावरून ठरवितां येईल. मधूकाच्या श्लोकांतील साडेसात या संख्येविषयीं पाठभेद आढळल्यास तोहि अवश्य कळवावा.